प्रश्नावली वाटायच्या आधी मोजमाप तपासा: रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटी, पहिल्यांदा रिसर्च करणाऱ्यांसाठी

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकरांना वेगळा सांगायला नको. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिमीच्या आसपास. यंत्रं काही बिघडली नव्हती, दोन्ही आकडे खरे आहेत. पण समजा कुणाकडे फक्त कुलाब्याचा आकडा आहे आणि त्याच्यावरून तो सांगतोय की त्या दिवशी मुंबईत बऱ्यापैकी पाऊस झाला, बाकी काही विशेष नाही, तर आकडा बरोबर असूनही उत्तर साफ चुकलं. यंत्राने जे मोजलं ते नीट मोजलं, फक्त विचारलेला प्रश्न वेगळा होता.

रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटीचा सगळा विषय इथेच आहे. रिलायबिलिटी म्हणजे तीच गोष्ट तशाच परिस्थितीत परत मोजली तर साधारण तोच आकडा येतो का. व्हॅलिडिटी म्हणजे त्या आकड्याचा तुम्ही जो अर्थ लावताय तो लावायला काही आधार आहे का. आकडा दर वेळी उड्या मारत असेल तर त्याचा अर्थ लावायचा प्रश्नच येत नाही, म्हणजे रिलायबिलिटी लागतेच. पण आकडा एकदम स्थिर आहे आणि तरी भलतंच काहीतरी मोजतोय असं आरामात होऊ शकतं, आणि पहिल्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक गाडी इथेच अडकते. एमए, एमएसडब्ल्यू, नर्सिंग, एमएड करणारी मुलं सॉफ्टवेअरमधून अल्फा (प्रश्न आपापसात किती जुळतात त्याचा आकडा, पायरी ६ मध्ये येईल) काढतात, ०.८ आला की खूश होतात आणि "प्रश्नावली विश्वसनीय व वैध आहे" असं चॅप्टर तीनमध्ये टाकून मोकळी होतात. अल्फाने व्हॅलिडिटी सिद्ध होत नाही, आणि ही तपासणी डेटा गोळा केल्यावर नाही तर त्याच्या आधी करायची असते, कारण ३०० फॉर्म भरून झाल्यावर प्रश्न बदलता येत नाहीत.

एकच उदाहरण धरून सगळं सांगते म्हणजे गोंधळ होणार नाही. समजा तुमचा विषय आहे लोकलने रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांवर प्रवासाचा ताण.

पायरी १: नक्की काय मोजायचंय ते दोन-तीन ओळींत लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढचे सगळे घोळ इथूनच होतात. "प्रवासाचा ताण" म्हणजे काय? प्रवासाला लागणारा वेळ म्हणजे ताण नव्हे. विरारहून निघालेला, ठरलेला ग्रुप, ठरलेली जागा, भजन चालू, असा माणूस लांबचा प्रवास करूनही मजेत उतरतो, आणि दादर ते अंधेरी चौथ्या सीटवर अर्धं टेकून जाणारी बाई रोज वैतागून ऑफिसला पोचते. म्हणजे मिनिटं मोजून त्याला ताण म्हणता येणार नाही, मिनिटं वेगळी मोजा.

मग त्याचे भाग पाडा. गर्दीचा शारीरिक त्रास, गाडी वेळेवर येईल की नाही याची धाकधूक, सुरक्षिततेची भीती, घरी पोचल्यावरचा थकवा. आणि काय मोजायचं *नाही* तेही लिहा: साहेबाचं टेन्शन, घरचं टेन्शन, पैशाचं टेन्शन यात येत नाही. कुणाबद्दल बोलताय तेही ठरवा, फर्स्ट क्लास धरायचा का, उलट्या दिशेने रिकाम्या गाडीने जाणारे धरायचे का. हा कागद भिंतीला चिकटवून ठेवा, प्रत्येक प्रश्न याच्यासमोर धरून बघायचाय.

पायरी २: आधीची स्केल आहे का बघा, पण आंधळेपणाने उचलू नका

स्केल म्हणजे ज्यांच्या उत्तरांचा मिळून एक स्कोअर काढतात असा प्रश्नांचा संच. ताणासाठी शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची परसीव्हड स्ट्रेस स्केल आहे, तिचं १० प्रश्नांचं रूप खूप वापरलं जातं, स्कोअर ० ते ४०. चांगली स्केल आहे. पण ती गेल्या महिन्याभरातला एकूण ताण विचारते, लोकलचा नाही. तिचा स्कोअर जास्त आला म्हणून "प्रवासामुळे ताण" असं लिहिलंत तर तेच कुलाब्याचं पर्जन्यमापक झालं. गाईडने विचारलं की हीच स्केल का, तर "स्टँडर्डाइज्ड आहे" हे उत्तर पुरत नाही. स्केल कुठल्या लोकांवर, कुठल्या भाषेत, कशासाठी तपासलीये हे बघायचं, कारण व्हॅलिडिटी कागदावर छापलेल्या प्रश्नांना चिकटलेली नसते, ती त्या वापराची असते.

इंग्रजी स्केल मराठीत आणायची असेल तर रीत अशी: दोन जणांनी एकमेकांना न विचारता भाषांतर करायचं, दोन्ही समोर ठेवून एक पक्कं करायचं, मग मूळ स्केल न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि मुळाशी ताडून बघायचं. याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात, १९७० मध्ये रिचर्ड ब्रिसलिनने ते नीट मांडलं तेव्हापासून सगळीकडे चालतं. याने शब्द जुळले एवढंच कळतं. नालासोपाऱ्याच्या बाईला प्रश्न समजला की नाही ते पायरी ५ मध्ये कळेल. आणि मूळ लेखकांची परवानगी लागते का तेही आधीच बघून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार असाल, तर त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी त्याला हो म्हटलं तर तुम्ही त्या क्षणी काय करणार हे फॉर्म वाटायच्या आधी ठरलेलं पाहिजे, कुणाकडे पाठवणार ते नाव तयार पाहिजे. सरकारची मानसिक आरोग्याची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, तो नंबर फॉर्मवरच छापा.

पायरी ३: प्रश्न लिहा, लागतील त्याच्या दुपटीने

शेवटी १२ ठेवायचे असतील तर २५ लिहा, कारण गळती होणारच. "गर्दीमुळे आणि गाडी लेट झाल्यामुळे माझी चिडचिड होते" असा प्रश्न घालू नका, गर्दीने चिडणारा पण लेटचं काही न वाटणारा माणूस काय टिक करणार? दोन प्रश्न करा. "नेहमी", "हल्ली" असले शब्द काढा, "गेल्या ७ दिवसांत" असं लिहा. "मला प्रवासात त्रास होत नाही" आणि समोर "असहमत", हे डोक्यात उलटंपालटं होतं, लोक चुकीचं टिक करतात आणि तुम्हाला कळतही नाही. उलट्या दिशेचे प्रश्न हवेच असतील तर "प्रवासात मला आराम मिळतो" असं सरळ वाक्य लिहा. आणि त्यांचे आकडे मोजणीच्या वेळी उलटे करायचे असतात, ५ चा १, ४ चा २. हे विसरलं की अल्फा धाडकन खाली येतो, कधी कधी मायनसमध्ये जातो, आणि मुलं घाबरून स्केलच टाकून देतात.

पायरी ४: जाणकारांना दाखवा

याला कंटेंट व्हॅलिडिटी म्हणतात, म्हणजे विषयाचा सगळा आवाका प्रश्नांत आलाय का आणि बाहेरचं काही घुसलंय का. जाणकार म्हणजे फक्त प्रोफेसर नकोत. मानसशास्त्रवाले घ्या, आकडेवारीवाले घ्या, पण रोज सकाळची ठरलेली गाडी पकडणारी चार माणसंही घ्या, त्यांना जे सुचतं ते पुस्तकात नसतं.

प्रत्येकाला प्रत्येक प्रश्नाबद्दल विचारा: अत्यावश्यक, उपयोगी पण नसला तरी चालेल, की नकोच. मग सी. एच. लॉशे यांची १९७५ ची साधी पद्धत आहे. "अत्यावश्यक" म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण जाणकारांची निम्मी संख्या वजा करा आणि त्या निम्म्यानेच भागा. १० पैकी ८ जण अत्यावश्यक म्हणाले तर ८ वजा ५, म्हणजे ३, भागिले ५, उत्तर ०.६०. आठ जण हो म्हणाले म्हणजे भरपूर वाटतं ना? पण १० जाणकारांसाठी लॉशेच्या टेबलमध्ये कमीत कमी ०.६२ लागतो, म्हणजे हा प्रश्न थोडक्यात बाहेर. ९ जण असते तर ०.८० येऊन पास.

आणि "सरांनी बघितलं, ठीक आहे म्हणाले" ही फेस व्हॅलिडिटी, सगळ्यात कच्चा पुरावा. तेवढ्यावर थांबू नका.

पायरी ५: माणसांजवळ बसा आणि बोलायला लावा

मला विचाराल तर पूर्ण प्रक्रियेत सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच, आणि हिला एक पैसा लागत नाही. सात-आठ माणसं घ्या, वेगवेगळ्या वयाची, शिक्षणाची. प्रश्न वाचायला द्या आणि सांगा की उत्तर देताना मनात जे येतंय ते मोठ्याने बोला. मग विचारा, "यात प्रवास म्हणजे तुम्ही काय धरलंत?" कुणी फक्त गाडीतला वेळ धरतो, कुणी शेअर रिक्षाची लाइन आणि स्टेशनचा पूलपण धरतो. दोघांनी "४" टिक केलं तरी दोघांचं ४ एक नाही.

"डब्यात गर्दी जास्त असते का" हा प्रश्न विचारून बघाच. रोज पीक अवरला जाणारा माणूस शांतपणे "नाही, नॉर्मल असते" म्हणतो. त्याच्यासाठी दाराला लटकलेली माणसं म्हणजे नॉर्मल. दोन महिन्यांपूर्वी नाशिकहून आलेली मुलगी त्याच डब्याला "भयंकर" म्हणते. म्हणजे तुमचा प्रश्न गर्दी मोजत नाहीये, सवय मोजतोय. त्याऐवजी "गेल्या ७ दिवसांत किती वेळा गर्दीमुळे गाडी सोडावी लागली" असं घडलेल्या गोष्टीवर विचारा, फरक दिसेल.

आणि ही बोलणी प्लॅटफॉर्मवर करू नका, इंडिकेटरकडे बघत दिलेली उत्तरं काय कामाची.

पायरी ६: पायलट घ्या आणि रिलायबिलिटी काढा

पायलट म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी फेरी. तीस-चाळीस माणसं घ्या, तुमच्या मुख्य अभ्यासातल्यांसारखी, पण तीच नकोत. रिलायबिलिटी एकच नसते, तुमच्या मोजमापात चूक कुठून शिरू शकते त्यावर कुठली काढायची ते ठरतं.

पहिली, प्रश्न आपापसात जुळतात का. इथे क्रॉनबॅकचा अल्फा, ली क्रॉनबॅक, १९५१. सगळे ०.७० च्या वर हवा म्हणतात, तो अंदाजाचा आकडा आहे, कायदा नाही. आता हे नीट बघा. समजा तुमचे प्रश्न एकमेकांशी जेमतेम जुळतात, सरासरी कोरिलेशन (दोन गोष्टी किती एकत्र वरखाली होतात त्याचा आकडा) फक्त ०.२०. असे ५ प्रश्न असतील तर अल्फा येतो ०.५६. तसेच १० घातले तर ०.७१. तसेच २० घातले तर ०.८३. प्रश्नांचा दर्जा तसूभर सुधारला नाही, फक्त संख्या वाढली, आणि "नापास" स्केल "उत्तम" झाली. म्हणून ४० प्रश्नांचा ०.८५ बघून भारावून जाऊ नका आणि ४ प्रश्नांचा ०.६५ बघून रडू नका. अल्फा ०.९५ च्या वर गेला तर उलट शंका घ्या, बहुतेक एकच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा पुन्हा विचारलाय.

आपल्या उदाहरणात चार भाग आहेत, तर अल्फा प्रत्येक भागाचा वेगळा काढा. सॉफ्टवेअर एक टेबल देतं की अमुक प्रश्न काढला तर अल्फा किती होईल, ते बघून प्रश्न उडवायचा मोह होतो. समजा सुरक्षिततेचे तीनच प्रश्न आहेत आणि रात्रीच्या रिकाम्या लेडीज डब्याचा प्रश्न बाकीच्यांशी कमी जुळतोय, तो काढला की अल्फा वाढेल खरा, पण तुमच्या मोजमापातून रात्रीची भीतीच गायब होईल. पायरी १ चा कागद बघा, मग ठरवा. आणि जिथे प्रश्न एकमेकांशी जुळायची अपेक्षाच नाही तिथे अल्फा काढूच नका. "गेल्या महिन्यात यातलं काय काय घडलं" अशी यादी असेल, पाकीट मारलं, पडलो, गाडी चुकली, तर पाकीट मारलं जाणं आणि पडणं एकत्र का घडावं?

दुसरी, टेस्ट-रीटेस्ट. त्याच माणसांना साधारण दोन आठवड्यांनी परत तीच प्रश्नावली. गॅप फार कमी ठेवला तर उत्तरं आठवतात, फार जास्त ठेवला तर माणूसच बदलतो. मुंबईत अजून एक भानगड, पहिली फेरी मेच्या शेवटी आणि दुसरी जूनच्या मध्यात घेतलीत तर मधे पाऊस सुरू झालेला असतो, रुळांवर पाणी, गाड्या लेट, ताण खरोखरच वाढलेला. स्कोअर बदलला तो स्केलचा दोष नाही. अशा वेळी जानेवारी-फेब्रुवारी बरे. गणित करताना साधं पिअरसन कोरिलेशन वापरू नका, कारण दुसऱ्या वेळी सगळ्यांचे स्कोअर बरोब्बर ५ ने वाढले तरी पिअरसन १ दाखवतो. आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन) काढा, त्यातही आकडे तंतोतंत जुळतात का ते बघणारा प्रकार. ०.७५ ते ०.९० चांगला मानतात.

तिसरी, दोन निरीक्षक. समजा दोन मैत्रिणी दादरला उभ्या राहून १०० डबे बघतायत आणि प्रत्येकासाठी "खचाखच" किंवा "जागा आहे" लिहितायत. ८५ डब्यांना दोघींनी खचाखच म्हटलं, ५ डब्यांना दोघींनी जागा आहे म्हटलं, उरलेल्या १० मध्ये मतभेद, ५ इकडे ५ तिकडे. म्हणजे ९०% जुळलं. पण प्रत्येकीने १०० पैकी ९० वेळा खचाखचच लिहिलंय, त्यामुळे डोळे मिटून लिहिलं असतं तरी ८२% जुळलं असतं. जेकब कोहेनचा १९६० चा कप्पा हेच वजा करतो: ०.९० वजा ०.८२, भागिले १ वजा ०.८२, उत्तर ०.४४. नव्वद टक्क्यांचं खरं रूप हे. उपाय मोठा नाही, नियम घट्ट करा: "दारात उभ्या माणसाचा पाय फूटबोर्डच्या बाहेर आहे का" असं दिसणारं काहीतरी ठरवा, दोघींनी थोडे डबे एकत्र बघून सराव करा, मग वेगवेगळं लिहा.

यंत्राने मोजणाऱ्यांसाठीही हेच. पूल चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा बीपी लगेच घेतला तर मशीन कितीही भारी असो, आकडा जिन्याचा आहे. पाच मिनिटं बसवा, हात छातीच्या पातळीला, दंडाच्या मापाचा कफ. देवनारच्या आयआयपीएसतर्फे होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीपी एकदा नाही तीनदा मोजतात. आणि दोन मशीन ताडून बघायच्या असतील तर दोन्हींच्या आकड्यांतला फरक दाखवणारा ब्लांड-ऑल्टमनचा आलेख काढा, कोरिलेशन नको.

पायरी ७: व्हॅलिडिटीचा पुरावा गोळा करा

इथे एकच आकडा नसतो, पुरावे जमवायचे असतात. डेटा बघायच्या *आधी* कागदावर अंदाज लिहा. आपली स्केल खरंच प्रवासाचा ताण मोजत असेल तर काय दिसायला हवं? पीक अवरवाल्यांचा स्कोअर दुपारी जाणाऱ्यांपेक्षा जास्त हवा. परसीव्हड स्ट्रेस स्केलशी संबंध हवा पण मध्यम, ०.९ आला तर तुम्ही नवीन काही मोजतच नाहीये, तोच जुना एकूण ताण परत मोजलाय. ज्याच्याशी घेणंदेणं नाही, उदाहरणार्थ माणसाची उंची, त्याच्याशी जवळजवळ शून्य. जुळणाऱ्याशी जुळणं आणि न जुळणाऱ्याशी न जुळणं, दोन्ही दाखवायचं, हे कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्येच सांगून ठेवलंय. अंदाज चुकला तर तोही लिहा, लपवू नका, त्यातूनच स्केल सुधारते.

रिलायबिलिटी कमी असली की इथे तिची किंमत मोजावी लागते. तुमच्या स्केलची ०.७० आणि दुसऱ्या स्केलची ०.८० असेल आणि दोन गोष्टींमधला खरा संबंध ०.५० असेल, तरी तुम्हाला दिसणार साधारण ०.३७ च. स्पिअरमनने हे १९०४ मध्ये दाखवलं. म्हणजे "संबंध कमकुवत आढळला" असं लिहायच्या आधी विचारा की संबंध कमकुवत आहे की मोजपट्टी.

फॅक्टर अॅनालिसिस, म्हणजे कुठले प्रश्न मिळून एका गटात बसतात ते बघणारं गणित, करायचं असेल तर पायलटच्या ४० माणसांवर करू नका, निदान २०० च्या आसपास माणसं हवीत. जामोवी आणि जास्प ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, अल्फा, ओमेगा (अल्फासारखाच रिलायबिलिटीचा आकडा), फॅक्टर अॅनालिसिस सगळं त्यात होतं, पायरेटेड काही टाकायची गरज नाही.

पायरी ८: लिहिताना

"प्रश्नावली वैध व विश्वसनीय आहे" हे वाक्य खोडा. त्याऐवजी काय केलं ते लिहा, साधारण असं: "गर्दीच्या ४ प्रश्नांचा अल्फा या अभ्यासातल्या प्रवाशांमध्ये अमुक आला, दोन आठवड्यांनी अमुक जणांवर घेतलेल्या फेरीत आयसीसी अमुक, पीक अवर आणि दुपारच्या गटांतला फरक अपेक्षेप्रमाणे दिसला, सुरक्षिततेच्या भागासाठी पुरेसा पुरावा अजून नाही." शेवटचं वाक्य घालायला मुलं घाबरतात. घाला. परीक्षकाला त्यातूनच कळतं की या मुलीने काम केलंय.

पायलटचा अल्फा चॅप्टरमध्ये टाकून सोडून देऊ नका, मुख्य डेटावर परत काढा, तिकडची माणसं वेगळी आहेत. मूळ लेखकाच्या पेपरमधला अल्फा त्यांच्या माणसांचा, तो उसना घेऊ नका. आणि पायलटनंतर प्रश्नाचे शब्द बदललेत तर तो नवीन प्रश्न झाला, परत चार-पाच जणांजवळ बसून तो मोठ्याने वाचून घ्या आणि मगच छापायला द्या.